ओ-यू-जी-एच : ही चार अक्षरं मुलांना शिकवायची कशी?

गोठवाली (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला राहते, लष्कर भागात (पुण्याचं नाही, आमचं), आणि संध्याकाळी घरीच चौथी ते सातवीच्या ट्यूशन घेते. त्यात पाच-सहा मुलं आपल्या मराठी घरांतली आहेत. आज जे झालं ते मनातून जातच नाहीये म्हणून लिहिते आहे.

चौथीतला एक मुलगा धडा वाचत होता. खोकल्याचा शब्द आला, सी-ओ-यू-जी-एच. त्याने वाचलं "कौघ". आता त्याच्या आडनावातच घ आहे, तो रोज वहीवर जी-एच लिहूनच आडनाव घालतो, मग त्याचं चुकलं काय? मी म्हटलं, कॉफ. पुढच्या ओळीत टी-एच लावून तीच चार अक्षरं आली, "तरीही" या अर्थाची, तर त्याने नुकतंच शिकलेलं लगेच लावलं आणि वाचलं "दॉफ". मी म्हटलं नाही रे, दो. मग मध्ये एक आर घालून पुढचा आला, तो त्याने "थ्रो" वाचला, कारण दो तसा थ्रो, बरोबरच आहे ना त्याचं. मी म्हटलं थ्रू. चौथा शब्द इनफ होता. तो त्याने वाचलाच नाही. पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला बघून कळतं की तुम्हाला आधीपासून पाठ आहे?"

मी खरं ते सांगितलं, पाठ आहे. तो म्हणाला "मग ठीक", पण त्या दिवशी पुढे एक शब्द वाचायला तयार नव्हता.

तर माझे दोन प्रश्न. एक, या चौकडीला (मुलं आता तिला चौकडीच म्हणतात) काही नियम आहे का. दोन, हे असं झालंच कसं. दुसऱ्याचं उत्तर मला जास्त हवं आहे, कारण त्या मुलाला "पाठ कर" एवढंच सांगायचं माझ्या जिवावर येतं.

इंदूरी_पोहे (सोमवार, रात्री ९:५८)

आमच्याकडे हाच सीन मागच्या वर्षी झाला. लेक म्हणाली ही चार अक्षरं बहुरूपी आहेत, दर शब्दात सोंग बदलून येतात. वाचतेय, उत्तर मलाही हवंय.

सडेतोड (सोमवार, रात्री १०:२०)

ताई, नियम शोधत बसू नका. इंग्रजी ही भाषाच तशी. आपली मराठी जशी लिहितो तशी बोलतो, त्यांची नाही, विषय संपला. आपण पावकी-निमकी पाठ केली तेव्हा "का" विचारलं होतं का? पंचवीस शब्द आहेत फार तर, रोज पाच, आठवड्यात संपतील.

मुरारकर (सोमवार, रात्री १०:४१)

सडेतोड भाऊ, "जशी लिहितो तशी बोलतो" हे बिल्कुल मान्य नाही. चमचा आणि चहा यातला च एकच आहे का? जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचा, लिहायला सारखे, बोलायला वेगळे. सिंह लिहितो आणि सिंव्ह म्हणतो. करवत लिहितो आणि कर्वत म्हणतो. आणि आम्हा ग्वाल्हेरवाल्यांना विचारा ज्ञ चं काय होतं ते. घरी आई द्न्यानेश्वरी म्हणायची, शाळेत मास्तर ग्यान म्हणायचे, अक्षर तेच. पहिलीत मी वर्गात द्न्यान म्हटलं तर सगळा वर्ग हसला आणि घरी ग्यान म्हटलं तर आजोबा रागावले. त्या चौथीतल्या पोराचं दुःख मला चांगलं कळतं.

शमा_बडोदे (सोमवार, रात्री ११:०५)

मुरारकर, बडोद्यात तिसरा प्रकार. शेजारचे गुजराती लोक ग्नान म्हणतात. एका अक्षराचे तीन गावांत तीन आवाज, मग चौकडीला का बोला :)

हस्ताक्षर (मंगळवार, सकाळी ७:१५)

गोठवाली ताई, मी बडोद्याला बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. नियमच नाही हे म्हणणं मला पटत नाही. पूर्ण नियम नाही, पण मुलाच्या हातात देण्यासारखं पुष्कळ आहे, ते सांगते.

सगळ्यात आधी चौकडीच्या पाठीमागे टी आहे का बघायला शिकवा. टी असली की आवाज ऑट. थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट, नुसता ऑट. यातच अर्धे शब्द निघून जातात आणि मुलाला धीर येतो. मोडणारा रोजचा शब्द एकच, दुष्काळाचा, ड्राउट. तो वेगळा सांगायचा, आणि मुलं एकटा मोडणारा शब्द कधी विसरत नाहीत असा माझा अनुभव. हे शब्द बहुतेक भूतकाळाचे आहेत तेही दाखवा, थिंक चा थॉट, फाइट चा फॉट, सीक चा सॉट. बॉट आणि ब्रॉट मध्ये सगळे घोळ घालतात, मोठी माणसंसुद्धा. त्याला उपाय सोपा. बाय मध्ये आर नाही म्हणून विकत घेतलं ते बॉट, ब्रिंग मध्ये आर आहे म्हणून आणलं ते ब्रॉट. एवढं सांगितल्यावर माझ्या वर्गात ही चूक फार कमी झाली.

मग फ वाले. रोजच्या वापरातले पाचच आहेत, एका हाताच्या बोटांवर मोजायचे, रफ, टफ, इनफ, कॉफ आणि ट्रॉफ म्हणजे गुरांची गव्हाण. त्यातही पहिल्या तिघांत अफ आणि मागच्या दोघांत ऑफ.

उरले ते सगळे जी-एच गिळणारे. दो, ऑलदो आणि डो (मळलेली कणीक) हे तिघे ओ वाले. थ्रू आपला एकटाच ऊ वाला. प्लाऊ म्हणजे नांगर, बाऊ म्हणजे झाडाची मोठी फांदी, हे आऊ वाले. आणि शेवटी थरो आणि बरो, ज्यांना इंग्लंडात थरा आणि बरा म्हणतात.

पंचवीस शब्द एका रांगेत पाठ करणं आणि असे गट करून घेणं यात फरक आहे. गटाला आवाज असतो, रांगेला नसतो.

गोठवाली (मंगळवार, सकाळी ७:५०)

हस्ताक्षर ताई, हे तर सोनं आहे. बाय मध्ये आर नाही हे मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं, आजच संध्याकाळी सांगते. पण तो "का" उरलाच.

दवाखाना (मंगळवार, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय म्हणून थोडक्यात. माझ्याकडे येणारे अर्धे पेशंट समजतात की इंग्रजीतला कॉफ हा आपल्या कफावरून आला, कारण सगळे "कफ सिरप"च म्हणतात. काही संबंध नाही. आपला कफ म्हणजे वात-पित्त-कफ मधला, छातीत साठतो तो, संस्कृत. त्यांचा कॉफ म्हणजे खोकणं, तो खोकण्याच्या आवाजावरूनच बनलेला शब्द, जसा आपला खोकला. दोघे छातीपाशी भेटले हा योगायोग.

आणि यादीत एक राहिला. उचकीला इंग्रजीत हिकप म्हणतात, त्याचं स्पेलिंग सरळ यू-पी ने होतं, ते आजही चालतं. पण मध्येच कुणाला तरी वाटलं की उचकी हा खोकल्याचाच प्रकार, म्हणून शेवटी कॉफ चं स्पेलिंग चिकटवलं आणि उच्चार मात्र हिकपच ठेवला. म्हणजे तिथे चौकडीचा आवाज चक्क अप. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, खोकल्याचा काय संबंध.

कंपूतला_आबा (मंगळवार, रात्री ८:१०)

गोठवाली, तुझ्या "का" चं उत्तर मी द्यायचा प्रयत्न करतो. मी कंपूत राहतो, इतिहास शिकवला आयुष्यभर, थोडं लांबेल.

ती जी-एच कुणी उगाच घातलेली नाही. तिथे एके काळी खरा आवाज होता. कसा होता तो आपल्याला ग्वाल्हेरात सांगायला सोपं आहे. माझे वडील दरबारी वळणाचे, उर्दू जाणणारे, ते ख़त आणि ख़बर म्हणायचे तेव्हा ख घशातून घासून यायचा. बस, तो आवाज. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज थॉट ला साधारण "थोख़्त" म्हणायचा आणि रात्रीच्या नाइट ला "निख़्त". तेव्हा तो आवाज नुसत्या एच ने लिहीत. १०६६ नंतर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, लेखनिक फ्रेंच वळणाचे झाले आणि पुढे पुढे त्या जागी जी-एच लिहायची पद्धत पडली. म्हणजे तेव्हा सगळे जसं बोलत तसंच लिहीत होते. चौथीतल्या मुलाला हे जरूर सांग, की ते स्पेलिंग लिहिणारा माणूस खोटं लिहीत नव्हता.

मग १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं. नेमक्या त्याच दोन-अडीचशे वर्षांत बोलणं भराभर बदलत होतं. स्वर सगळे सरकले आणि हा घशातला ख़ लोकांच्या तोंडून गेला. कुठे तो साफ गळाला, कुठे ओठांवर येऊन फ झाला. मुलुखामुलुखाच्या बोली वेगळ्या होत्या, एका भागात फ तर दुसऱ्या भागात काहीच नाही, आणि लंडनच्या बोलीत सगळीकडची माणसं येऊन मिसळली, तर हा शब्द इथला आणि तो तिथला. आपल्या लष्करात नाही का, एका गोठीत म्हणजे मोहल्ल्यात कोकणातून आलेली घरं, दुसरीत साताऱ्याकडची, आणि दीडशे वर्षांनी सगळ्यांचं मिळून जे झालं त्याला ग्वाल्हेरी मराठी म्हणतात. त्यांचं तसंच झालं, फक्त छापलेलं पान हललं नाही.

आता शेवटचं, आणि हे त्या मुलाला सांगितलंस तर तो चौकडी विसरणार नाही. २९ डिसेंबर १८४३ ला ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेची आणि कंपनीच्या फौजेची लढाई झाली. महाराज जनकोजीराव शिंदे त्याच वर्षी वारले होते आणि त्यांच्या राणी ताराबाईंनी दत्तक घेतलेले जयाजीराव वयाने तुझ्या विद्यार्थ्याएवढेच होते. समोरच्या सेनापतीचं नाव सर ह्यू गॉफ. आडनाव लिहून बघ, जी आणि पुढे चौकडी, उच्चार कॉफसारखा. आणि त्याच्याबरोबर गव्हर्नर जनरल स्वतः तिथे हजर होता, लॉर्ड एलनबरा, त्याच्याही नावाच्या शेवटी तीच चौकडी. एका रणांगणावर दोन साहेब, दोघांच्या नावात तीच चार अक्षरं, एकाची फ बोलतात आणि दुसऱ्याची बोलतच नाहीत.

मुरारकर (मंगळवार, रात्री ८:३५)

आबा!! शाळेत एलनबरो घोकलं, परीक्षेत लिहिलं, पण हे कधी दिसलं नाही. आणि "ह्यू" मध्येही शेवटी जी-एच आहे की. म्हणजे एकट्या सेनापतीच्या नावात जी-एच एकदा गप्प आणि एकदा फ.

कंपूतला_आबा (मंगळवार, रात्री ८:४४)

शाबास, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

इंदूरी_पोहे (मंगळवार, रात्री ९:०२)

आबा, विषयांतर होतंय पण कंपू हे नाव कशावरून? आमच्याकडे इंदुरात कंपू म्हणजे टोळकं.

कंपूतला_आबा (मंगळवार, रात्री ९:२०)

शिंद्यांच्या कवायती फौजेच्या ज्या ब्रिगेडी होत्या त्यांना कंपू म्हणत, शब्द मुळात पोर्तुगीज कांपो वरून, म्हणजे छावणी. फौज गेली, मोहल्ल्याला नाव राहिलं, आणि तुमच्याकडे टोळक्याला. आता त्या जुन्या महाराजपूरच्या तोफांबद्दलही सांगून टाकतो, कारण ते मला फार लागतं. लढाईत आपल्या ज्या तोफा त्यांच्या हाती गेल्या त्यांच्या धातूचा उपयोग करून एलनबराने कलकत्त्याला हुगळीकाठी स्मारक उभं केलं. ते अजून आहे. मी एकदा जाऊन बराच वेळ उभा होतो तिथे.

अष्टपैलू (मंगळवार, रात्री ११:३०)

आबांचा ख़ वाचून राहवलं नाही. मी जर्मन शिकले आहे आणि जर्मनांनी तो आवाज अजून जपलाय. इंग्रज नाइट म्हणतो, जर्मन नाख़्ट. इंग्रज डॉटर, जर्मन टोख़्टर. एट ला आख़्ट, थॉट ला दाख़्टं, ब्रॉट ला ब्राख़्टं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जिथे मुकी जी-एच दिसते तिथे जर्मनमध्ये बहुतेक वेळा तो घशातला आवाज जिवंत सापडतो. मी तर इंग्रजी स्पेलिंगवरूनच जर्मन शब्द ओळखायचे.

पण खरी मजा संस्कृतात आहे. नाइट म्हणजे नक्त. डॉटर म्हणजे दुहितृ. हलका या अर्थाचा लाइट म्हणजे लघु. एट म्हणजे अष्ट. आणि चौकडीतला बाऊ, झाडाची फांदी, तो म्हणजे आपला बाहू! खरंच, एकाच मुळाचे शब्द आहेत, इंग्रजीत आधी त्याचा अर्थ खांदा, हात असाही होता. झाडाचा बाहू तो बाऊ, मुलाला लगेच लक्षात राहील. त्यात आपण बोलताना ह गिळतो तसा त्यांनीही घशातला आवाज गिळलाय.

आणि सडेतोड, हे तुमच्यासाठी. अष्ट चं प्राकृतात अट्ठ झालं आणि मराठीत आठ. एक आवाज गेला आणि त्याच्या बदल्यात अ चा आ झाला, लांबला. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. इंग्रजीत निख़्त मधला ख़ गेला तेव्हा तिथलाही स्वर असाच लांबला. म्हणजे दोन्हीकडे तोंडात घडलं ते एकच. फक्त आपण आवाज गेल्यावर अक्षरही सोडलं, आणि त्यांनी अक्षर तसंच धरून ठेवलं. समजा आपण आजही "अष्ट" लिहून "आठ" वाचत असतो, तर मराठी शिकणारं इंग्रज पोर असंच रडलं असतं.

सडेतोड (बुधवार, सकाळी ६:५०)

अष्टपैलू ताई, हे मला माहीत नव्हतं. रात्री वाचलं आणि बराच वेळ झोप नाही आली.

एक सांगतो. मी पाठ करा म्हटलं त्याला कारण आहे. पाचवीत असताना मी वहीच्या कव्हरवर "रफ" हे आर-यू-एफ-एफ असं लिहिलं होतं. रफ वही, टफ पेपर हे शब्द आपण मराठीसारखेच वापरायचो, कानाने लिहिलं. त्याबद्दल भर वर्गात पट्टी खाल्ली आणि कव्हर फाडून नवं घालायला लावलं. त्या दिवसापासून मी ठरवलं की यात डोकं चालवायचं नाही, पाठ करायचं आणि सुटायचं. आज पंचेचाळीस वर्षांनी कळतंय की माझा कान बरोबर होता. त्या मुलाला कुणी रागावू नका एवढंच.

पण माझा मुद्दा एक राहतोच. आपण अक्षर सोडलं तर त्यांना सोडायला काय झालं होतं?

गोठवाली (बुधवार, सकाळी ८:०५)

काका, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. नाही रागावणार. उलट तो "कौघ" म्हणाला तेव्हा त्याचा कान नव्हे, डोळा बरोबर होता, हे आज त्याला सांगणार आहे.

शमा_बडोदे (बुधवार, सकाळी ११:२०)

सडेतोड काका, प्रयत्न झाले की. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या डिक्शनरीत बरीच स्पेलिंगं सोपी करून टाकली, तिथे आज नांगर पी-एल-ओ-डब्ल्यू लिहितात, चौकडी नाही. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने तीनशे सोप्या स्पेलिंगांचा हुकूम सरकारी छापखान्याला दिला, थ्रू साठी टी-एच-आर-यू वगैरे, तर एवढी टीका झाली आणि काँग्रेसने असा विरोध केला की मागे घ्यावा लागला. शिकागो ट्रिब्यून या पेपरने १९३४ पासून स्वतःपुरती सोपी स्पेलिंगं चालवली आणि १९७५ ला सोडून दिली. शिक्षक म्हणायला लागले होते की मुलं शाळेत एक शिकतात आणि पेपरात दुसरं वाचतात.

आणि सोपं करायचं तर कुणाच्या उच्चाराप्रमाणे? हस्ताक्षर ताईंनी वर लिहिलंय, थरो की थरा. लंडनचं घ्यायचं की शिकागोचं?

कंपूतला_आबा (बुधवार, दुपारी ४:००)

शमा, अगदी. आपल्याकडे ते जमलं कारण ठरवणारं कुणीतरी होतं. जुनी मराठी पुस्तकं काढून बघा, घरीं, केलें, तेथें, डोक्यावर टिंबच टिंब. ते अनुस्वार एके काळी नाकातून बोलले जायचे, मग बोलण्यातून गेले आणि कागदावर राहिले. आपली जी-एचच ती. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नव्या नियमांनी न बोलले जाणारे अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीला असं महामंडळ कधी नव्हतंच.

माझ्या आजीची पत्रं आहेत माझ्याकडे, ती शेवटपर्यंत टिंबं देत राहिली. "सर्वांना आशीर्वाद, मुलें बरीं आहेत." नव्या नियमाप्रमाणे ती टिंबं चूक, पण मला त्यातला एकही अनुस्वार काढवणार नाही. म्हणून इंग्रजांवर फार रागवावंसंही वाटत नाही.

मुरारकर (बुधवार, सायंकाळी ५:१०)

आमच्याकडे आजोबांचे मोडीतले कागद आहेत, त्यात तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. वाचणाऱ्याने संदर्भाने समजून घ्यायचं. म्हणजे प्रत्येक लिपीला कुठे ना कुठे वाचणाऱ्यावर भरोसा ठेवावाच लागतो.

पाखरू (बुधवार, रात्री ९:४५)

हस्ताक्षर ताईंच्या पाच बोटांत सहावं घालतो. हिमालयात कावळ्याच्या जातीचा एक पक्षी दिसतो, काळा कुळकुळीत, एकाची चोच लाल आणि दुसऱ्याची पिवळी, वाऱ्यावर असा खेळतो की बघत राहावं. त्याचं इंग्रजी नाव सी-एच आणि चौकडी. मी पुस्तकात वाचून पाच वर्षं "चाऊ" म्हणत होतो. स्पितीत एका सोबत्याने सांगितलं, चफ. आता तो पक्षी दिसला की आधी उच्चार आठवतो.

रिमझिम (बुधवार, रात्री १०:१५)

ट्रॉफ वरून आठवलं. जुलैत बातम्यांत रोज ऐकतो ना "मान्सून ट्रफ ग्वाल्हेरवरून जातोय", तो हाच, गुरांच्या गव्हाणीचा. हवेचा दाब दोन बाजूंना जास्त आणि मध्ये लांबच लांब कमी, म्हणून खोलगट गव्हाणीची उपमा. मराठीत कमी दाबाचा पट्टा. खरा उच्चार ट्रॉफ, पण आपल्याकडे रफ-टफ च्या संगतीने ट्रफ झालाय. मला त्यात काही गैर वाटत नाही, आपल्या तोंडी तो आता आपला शब्द आहे.

हस्ताक्षर (बुधवार, रात्री १०:४०)

रिमझिम, बोलताना चालेल, पण परीक्षेला तोंडी असेल तर ट्रॉफच सांगा मुलांना. यावर मी हटणार नाही :)

स्लाऊकर (गुरुवार, पहाटे ३:१०)

इकडे रात्रीचे साडेनऊ-दहा. मी मूळचा दौलतगंजचा, आता हीथ्रो विमानतळाजवळ स्लाऊ गावात राहतो, गावाचं नाव एस-एल आणि चौकडी. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाबा इमिग्रेशनवर "स्लॉफ" म्हणाले. समोरच्या बाईंनी हसून सांगितलं की हा शब्द गावासाठी स्लाऊ. बाबांनी तिथल्या तिथे विचारलं, मग दुसरं काय असतं? त्या म्हणाल्या साप कात टाकतो ते स्लफ. बाबा इतके खूश झाले, घरी येईपर्यंत तेच सांगत होते.

आणि अस्सल नमुना हवा असेल तर लफबरा. शहराच्या एका नावात चौकडी दोनदा येते. पहिल्यांदा अफ, दुसऱ्यांदा नुसता अ. माझ्या पुतण्याने तिथे शिक्षण घेतलं, ग्वाल्हेरात नातेवाईक चार वर्षं त्याला "लौघबरो" विचारत होते आणि तो प्रत्येकाला शांतपणे पूर्ण सांगायचा.

दवाखाना (गुरुवार, दुपारी १:४०)

स्लफ आम्हीपण म्हणतो, जखमेवर मेलेली पिवळट साल धरते ती. बाबांना सांगा.

इंदूरी_पोहे (गुरुवार, रात्री ८:३०)

मी लेकीसाठी चौकडीचं एक मराठी वाक्य केलंय, सगळ्यांनी सुधारून द्या: "डो मळताना कॉफ आला, दो तो टफ होता, तरी थ्रू रात्र मी थॉट केला की बाऊवरच्या पक्ष्याला हिकप लागली." दिवसभर घरात तेच चाललंय, सासूबाईंना पण पाठ झालं.

अष्टपैलू (गुरुवार, रात्री ९:००)

मस्त. बरो बसवा फक्त, "बरोतल्या बाऊवरच्या".

गोठवाली (रविवार, सायंकाळी ६:३०)

मंडळी, उशीर झाला, मुलांच्या युनिट टेस्ट होत्या. तुमचं सगळं त्या मुलापर्यंत पोचवलं.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघांनी रकाने आखले. पहिला टी चा, त्यात ड्राउट लाल पेनने. मग फ चा, ओ चा, आऊ चा, थ्रू ला एकट्याला खिडकीएवढी जागा. आबा, त्याला मी ख़ म्हणून दाखवला, तर त्याने पाच मिनिटं सगळे शब्द जुन्या इंग्रजासारखे घशातून वाचले, थोख़्त, निख़्त, खोकला येईपर्यंत. मग स्वतःच म्हणाला, "एवढं बोलून दमले असतील म्हणून सोडून दिलं." महाराजपूर सांगितल्यावर त्याने फ च्या रकान्यात गॉफ लिहिलं आणि शेजारी तोफ काढली. एलनबरा कुठे घालायचा ते त्याने मला न विचारता शोधलं, बरो च्या खाली.

काल टेस्टमध्ये बॉट आणि ब्रॉट दोन्ही बरोबर आले. ट्रॉफ चुकला, हस्ताक्षर ताई, ओ-एफ-एफ लिहिलं, पण सडेतोड काकांची गोष्ट आठवून मी म्हटलं कान छान आहे तुझा, आता डोळ्याने बघ.

पण आज कॅलेंडर घेऊन आला आणि विचारलं, स्लाऊ आऊ च्या रकान्यात घालू की स्लफ म्हणून फ च्या? आणि हिकपला कुठल्याच रकान्यात जागा नाही. काय सांगू?

हस्ताक्षर (रविवार, सायंकाळी ७:०५)

स्लाऊ आणि स्लफ दोन्हीकडे लिहू दे, शब्दच दोन आहेत. एका खाली गाव काढ म्हणावं, दुसऱ्या खाली साप.

दवाखाना (रविवार, रात्री ९:१५)

हिकपला कडेला एक छोटा रकाना द्या. आत एकटाच राहील, त्याला सवय आहे.